बेघर मुलांचं शिक्षण (सोलापूर)

ज्या पोरांना पक्कं घर नाही त्यांना शाळेत घालणं आणि मुख्य म्हणजे तिथं टिकवणं, याला बेघर मुलांचं शिक्षण म्हणतात. सोलापुरात 'बेघर' हा शब्द बोलण्यात फारसा येत नाही, पालावरची, स्टेशनवरची, ऊसतोडीची पोरं असंच म्हणतात. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोग रस्त्यावरच्या मुलांचे तीन गट करतो: एकटी राहणारी, कुटुंबासोबत रस्त्यावरच राहणारी, आणि दिवसभर रस्त्यावर असून रात्री जवळच्या वस्तीत परतणारी. ऊसतोडीचं पोर यातल्या कुठल्याच खणात नीट बसत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात तर साखर कारखान्यांची रांगच आहे.

दिवाळीच्या आसपास टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि पोरं मागं कोपीवर (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत), म्हणजे शाळेचं वर्ष जूनला गावात सुरू झालं तरी ऐन मध्यात पोर उठून फडावर, आणि परत जातं तेव्हा परीक्षा तोंडावर. यावर पूर्वी कारखान्याजवळ साखरशाळा चालायच्या. नंतर भर आला हंगामी वसतिगृहांवर, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी पोर गावातच राहतं. सोबत जाणाऱ्याला शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. कल्पना चांगलीय, फक्त ते कार्ड कोपीत सांभाळायचं कुठं हे ज्यानं त्यानं बघायचं. दप्तर सुद्धा खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून बांबूला टांगलेलं असतं, खाली ठेवलं तर शेळी खाते.

पालावरच्यांचं, म्हणजे भटक्या-विमुक्त जमातींचं, दुखणं जुनं आहे. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, त्या भागाला अजून सेटलमेंट म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला. संशय कुठं गेला? वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की पहिल्यांदा कुणाकडं बघतात ते विचारा.

कायदा मात्र पोराच्या बाजूनं आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वयाच्या पोराला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवता येत नाही, आणि दहा वर्षांच्या पोराला पहिलीत न बसवता वयाच्या वर्गात बसवून राहिलेला अभ्यास वेगळा शिकवायचा असतो. त्यामुळं पटावर नाव चढतं, पण रोज येणं ही वेगळीच गोष्ट आहे. आठ-नऊ वर्षांची पोरगी धाकट्याला काखोटीला मारून वर्गाच्या दाराशी उभी राहते, ज्या बाई त्या लेकराला पण आत बसू देतात त्यांच्याकडं ती दुसऱ्या दिवशी येते, 'त्याला घरी ठेवून ये' म्हटलं की संपलं, कारण घरच नाही.

एकटं सापडलेलं पोर, उदाहरणार्थ रेल्वे स्टेशनवरचं, बाल न्याय कायदा 2015 प्रमाणं 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं, त्यासाठी 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. पुढं बालगृह आणि तिथून शाळा. अठरा पूर्ण झाले की बालगृह सुटतं, मग 21 पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पायावर उभं राहीपर्यंतच्या मदतीची, सोय आहे.

सगळ्यात जास्त गळती चौदाच्या पुढं होते, तिथं शिक्षण हक्काचा कायदाच संपतो. मधेच सुटलेली पोरं हॉटेलात, गॅरेजवर लागतात, त्यातला एखादा दोन-चार वर्षांनी दहावी करायची म्हणून 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरायला येतो. तिथं पहिल्यांदा मागतात शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर प्रतिज्ञापत्र. शाळेचं नाव त्याला आठवत नसतं, शाळेसमोर चिंचेचं झाड होतं एवढं आठवतं.