माइल्मा (फिनिश शब्द)

माइल्मा म्हणजे फिनिश भाषेत जग. बातम्यांत, शाळेच्या पुस्तकात, घरातल्या गप्पांत सतत येणारा साधा शब्द आहे, पण फोडला की आत दोन शब्द निघतात: मा म्हणजे जमीन (माती आणि देश यांनाही हाच शब्द) आणि इल्मा म्हणजे हवा. जमीन आणि हवा मिळून जग कसं काय होईल असं वाटतं, पण इल्माचा जुना अर्थ आभाळ असा होता, आणि तो लावला की सगळं जुळतं. जमीन आणि आभाळ, झालं जग.

हे कळतं ते नात्यातल्या भाषांवरून. उत्तर सामी भाषेत (युरोपच्या उत्तर टोकाकडच्या सामी लोकांची एक भाषा) अल्ब्मी म्हणजे आकाश, रशियातल्या उदमुर्त लोकांच्या आकाशदेवाचं नाव इन्मार, दोन्ही याच मुळाचे. एस्टोनियनमध्ये इल्म म्हणजे हवामान, आणि जग पण. कालेवाला या फिनिश महाकाव्यात (एलियास ल्योनरोत यांनी लोकगीतं जोडून रचलेलं, पहिली आवृत्ती १८३५, वाढवलेली १८४९) आभाळाचा घुमट ठोकून घडवणारा लोहार आहे इल्मारिनेन, त्याच्या नावातही हाच इल्मा, किती सुंदर आहे हे!

आज फिनिशमध्ये आभाळाला ताइवास म्हणतात. हा शब्द फार जुन्या काळी बाहेरून आला आणि आपल्या देव शब्दाच्या कुळातला आहे असं बरेच अभ्यासक मानतात. आभाळ ताइवासकडे गेलं, इल्माकडे हवा आणि हवामान उरलं, जुना अर्थ मात्र माइल्मामध्ये टिकून राहिला.

समास म्हणूनही हा शब्द वेगळा आहे. फिनिश जोडशब्दात सहसा पहिला शब्द दुसऱ्याबद्दल काहीतरी सांगतो, जसं याकाप्पी म्हणजे बर्फाचं कपाट, म्हणजे फ्रिज, किंवा तिएतोकोने म्हणजे माहितीचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर. माइल्मात दोन्ही शब्द बरोबरीचे, चक्क आपला द्वंद्व समास, आईवडील किंवा वेदांतला द्यावापृथिवी घ्या ना, तिथेही आकाश आणि पृथ्वीच आहेत (एकाने दुसऱ्याकडून घेतलंय असं नाही, दोन्हीकडे आपापलं सुचलेलं).

इल्मा बाकी ठिकाणीही भेटतो: इल्मान म्हणजे विना, इल्माइनेन म्हणजे फुकट. आणि विश्वाला फिनिश लोक म्हणतात माइल्मानकाइक्केउस, म्हणजे जगाचं सगळेपण.