बावीसच्या जागी ब्याऐंशी

खाणीवरच्या पोकलेनची तक्रार एका ओळीची होती: दर दोन-तीन दिवसांनी सायलेन्सर साफ करायला सांगतं, आणि साफ केलं तरी भागत नाही. मधला तापमान सेन्सर दोनदा बदलून झाला होता. मी ऑपरेटरला म्हटलं, उद्या सकाळी मी येईपर्यंत मशीनला हात लावू नका, चावीसुद्धा फिरवू नका.

(पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचं नाव. आपल्याकडे मात्र कोणत्याही कंपनीचं, कोणत्याही रंगाचं, पट्ट्यावर चालणारं खोदकामाचं मशीन पोकलेनच.)

पूर्वी या मशीनचा सायलेन्सर म्हणजे पत्र्याचा डबा होता. आता तो रासायनिक कारखाना झालाय. ट्रक-बसला १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, बांधकामाच्या यंत्रांना १ जानेवारी २०२५ पासून पाचव्या टप्प्याचे धुराचे नियम आले, आणि डिझेलच्या काजळीला बाहेर पडायची वाट जवळपास बंद झाली. धूर आधी उत्प्रेरकाच्या जाळीतून जातो, मग डीपीएफमधून, म्हणजे काजळी अडवणाऱ्या सिरॅमिकच्या गाळणीतून. गाळणी भरत आली की ती जाळून मोकळी करायची. त्यासाठी धुरात थोडं जास्तीचं डिझेल सोडतात, ते उत्प्रेरकावर जळतं आणि गाळणीत शिरणारा धूर साधारण ६०० अंशांपर्यंत तापतो. तापमान कमी पडलं तर काजळी अर्धवट जळते. फार वाढलं तर गाळणीच तडकते, आणि तिची किंमत ऐकून मालकाचा चेहरा उतरतो.

हे सगळं सांभाळणाऱ्या ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, स्वतःला काही दिसत नाही. त्याचा सारा भरवसा पाइपात बसवलेल्या पेन्सिलएवढ्या सेन्सरांवर: एक उत्प्रेरकाच्या आधी, एक उत्प्रेरक आणि गाळणीच्या मध्ये, एक गाळणीनंतर. धुरात फवारायच्या युरियाची टाकी असली तर पुढे आणखी एक-दोन.

या मशीनवरचे सेन्सर प्लॅटिनमचे होते. प्लॅटिनम तापलं की त्याचा विद्युतरोध वाढतो, आणि इतक्या नियमाने वाढतो की रोध मोजला की तापमान कळतं. शून्य अंशाला २०० ओहम, १०० अंशांना सुमारे २७५, ६०० अंशांना ६१७ च्या आसपास. ईसीएम सेन्सरला दोन वायरी जोडून ओहम मोजतं आणि अंश सांगतं. गोम इथेच आहे. मधल्या वाटेत कुठेही जास्तीचा रोध शिरला, तर ईसीएमच्या लेखी तीही उष्णताच.

सकाळी सातला पोचलो. हवा २२ अंश. इंजिन न लावता चावी फक्त एक टप्पा फिरवली आणि स्कॅनर जोडला. रात्रभर थंड पडलेल्या पाइपात तिन्ही सेन्सरांनी हवेचंच तापमान सांगायला हवं. पहिला म्हणाला २३, तिसरा २२. मधला म्हणाला ८२.

या तपासणीला पैसे लागत नाहीत, रात्रभराचा धीर लागतो. बहुधा म्हणूनच ती कुणी करत नाही. दुपारी गरम मशीनवर तीन सेन्सर तीन आकडे दाखवतात आणि तिन्ही खरे वाटतात.

मधल्या सेन्सरचं कनेक्टर काढून सेन्सरच्याच दोन पिनांवर मल्टिमीटर लावला: २१७ ओहम. २२ अंशांना प्लॅटिनमने एवढंच दाखवायला हवं. म्हणजे सेन्सर ठणठणीत, आणि आधी काढून टाकलेले दोघेही बहुधा तसेच असणार. कनेक्टर परत जोडला आणि ईसीएमच्या टोकाकडून मोजलं, तर २६२. हे ४५ ओहम वाटेत कुठेतरी होते. कनेक्टर उघडून आत टॉर्च मारली. एका पिनेवर हिरवट गंज चढला होता. खडीची धूळ धुवायला रोज प्रेशरचं पाणी मारतात, ते आत गेलं होतं.

आता मूळ तक्रारीचा उलगडा होतो. थंडीत ४५ ओहम म्हणजे ६० अंशांची थाप. गरम असताना प्लॅटिनमचा रोध दर अंशामागे जरा कमी वाढतो, त्यामुळे तेच ४५ ओहम ७० अंशांवर जातात. ईसीएमला वाटायचं ६०० झाले, आता डिझेल पुरे. प्रत्यक्षात धूर ५३० च्या आसपास रेंगाळायचा. काजळी नीट जळायची नाही, गाळणी लवकर भरायची, दोन दिवसांनी पुन्हा सफाईचा दिवा. आणि ८२ अंश हा काही अशक्य आकडा नाही, म्हणून सेन्सरच्या बिघाडाचा एकही कोड आला नव्हता.

कोड येतो तेव्हा काम त्या मानाने सोपं असतं. जड यंत्रांत कोडाला दोन भाग असतात: पहिला आकडा कुठे ते सांगतो, दुसरा काय झालं ते. गाळणीच्या तोंडच्या सेन्सरचा आकडा ३२४२. पुढे ३ आला तर व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर गेलंय, बहुतेकदा वायर तुटलेली असते. ४ आला तर प्रमाणाबाहेर खाली, म्हणजे वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकलीय. अशा दोन वायरींच्या सेन्सरचं कनेक्टर मुद्दाम काढून बघावं. ४ चा कोड ३ झाला तर वायरिंग आणि ईसीएम शाबूत आहेत, दोष सेन्सरमध्ये. ४ तसाच राहिला तर सेन्सर बिचारा निर्दोष.

मात्र हे सगळीकडे चालत नाही. काही मशीनवर सेन्सरांच्या वायरी एका छोट्या डबीत जातात आणि ती डबी ईसीएमशी डिजिटल भाषेत बोलते. तिथे मल्टिमीटरने ओहम मोजण्यात अर्थ नाही.

काही सेन्सर थर्मोकपलचे असतात, त्यांची तऱ्हा आणखी निराळी. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की किंचित व्होल्टेज तयार होतं, हे सीबेक यांनी १८२१ मध्ये पाहिलं. नेहमीच्या के प्रकारात ते अंशाला ४१ मायक्रोव्होल्ट, इतकं थोडं. त्याची वायरही त्याच धातूंची लागते. उंदराने कुरतडली म्हणून साइटवरच्या वायरमनने तिथून ईसीएमपर्यंत तांब्याची वायर जोडली आणि तो जोड इंजिनाजवळ १२० अंशांना तापला, तर ४० अंशांच्या ईसीएमला ८० अंश कमी दिसतात. जोड पक्का, टेप व्यवस्थित, तरी माप चुकीचं.

कधीकधी सेन्सर खरंच बोलत असतो, हेही विसरू नये. सफाई चालू असताना पहिला ३००, मधला ३२० आणि तिसरा ५८० दाखवत असेल, तर मधला बहुधा खोटा. आधी उष्णता आल्याशिवाय पुढे ती दिसणार नाही. पण मधला आणि तिसरा दोघेही बराच वेळ ३२० वरच अडले, तर जास्तीचं डिझेल पोचत नाहीये किंवा उत्प्रेरकच मेलाय. तिथे सेन्सर बदलत बसणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलणं. लेझरवाली तापमानाची बंदूकही इथे कामाची नाही. ती पाइपाचा पत्रा मोजते, आतला धूर नाही, आणि पत्रा चकचकीत स्टीलचा असेल तर आणखी कमी दाखवते.

खाणीवर पिन बदलली, कनेक्टरचं फाटलेलं रबरी सील नवं घातलं. काढलेल्या सेन्सरांपैकी एक मालकाने जपून ठेवला होता. तो मोजला: २१७ ओहम. मालक बराच वेळ मीटरकडे बघत राहिला. मग त्याने पाणी मारणाऱ्या पोराला हाक मारली.