एजन्सी कधी बदलायची: इन्स्ट्रक्टर होण्याआधी की झाल्यावर?

पॅडी आणि एसएसआय या स्कूबा डायव्हिंग शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्या दोन एजन्सी. डायव्हमास्टर ही त्यांच्याकडची इन्स्ट्रक्टरच्या आधीची व्यावसायिक पायरी. एसएसआयचा डायव्हमास्टर पॅडीचा इन्स्ट्रक्टर कोर्स करू शकतो का? करू शकतो. मग एसएसआयचा इन्स्ट्रक्टर पॅडीचे कोर्स शिकवू शकतो का? तसाच्या तसा नाही. डायव्ह सेंटरवर दोन्हींना ‘क्रॉसओव्हर’च, म्हणजे एजन्सी बदलणंच, म्हणतात, म्हणून गोंधळ होतो.

हौसेने डायव्ह करणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. ओपन वॉटर हे पहिलं प्रमाणपत्र एका एजन्सीचं, अ‍ॅडव्हान्स्ड हे त्यापुढचं दुसरीचं, असं सर्रास चालतं. १९६६ची पॅडी आणि १९७०ची एसएसआय, दोन्ही अमेरिकेत सुरू झाल्या आणि दोघींची प्रशिक्षणाची पातळी आयएसओ मानकांशी जुळते. पण प्रमाणपत्राचं कार्ड म्हणजे तुम्हाला काय येतं याचा दाखला. शिकवण्याचा हक्क त्याहून वेगळा. तो एजन्सीच्या चालू सदस्यत्वावर टिकतो आणि दरवर्षी नूतनीकरण मागतो.

डायव्हमास्टर असताना बदल केलात तर तुम्ही नव्या घरात पहिल्यापासून शिकता. पॅडी इतर मान्य एजन्सींचे डायव्हमास्टर आपल्या आयडीसीला, म्हणजे इन्स्ट्रक्टर डेव्हलपमेंट कोर्सला घेते. वय १८, कोर्स सुरू करताना ६० डायव्ह, परीक्षेपर्यंत १००, आणि पहिलं प्रमाणपत्र मिळून सहा महिने झालेले हवेत. कागदांचा मुख्य भाग एवढा. खरी कसरत पद्धतीची असते. पॅडीच्या डायव्हमास्टरला त्यांच्या स्लेट (पाण्याखाली वापरायच्या सूचनापाट्या), ब्रीफिंग आणि नियमपुस्तिका आधीच सवयीच्या झालेल्या असतात. बाहेरून आलेल्याला ते सगळं कोर्सच्या धावपळीत उचलावं लागतं. अशा उमेदवाराने आयडीसीच्या आधी त्याच सेंटरवर चालू कोर्समध्ये मदतनीस म्हणून काही दिवस जरूर काढावेत, असं मी आवर्जून सांगेन.

इन्स्ट्रक्टर झाल्यावर बदलताना मात्र कोणत्या दिशेने जाताय, त्यावर सगळं ठरतं. पॅडीकडे येणाऱ्याला आयडीसीचा असिस्टंट इन्स्ट्रक्टरचा (सहायक प्रशिक्षकाचा) भाग वगळता येतो, पण आयई, म्हणजे इन्स्ट्रक्टर एक्झामिनेशन, ही परीक्षा सुटत नाही. लेखी पेपर, स्विमिंग पूलसारख्या बंदिस्त पाण्यातलं आणि खुल्या पाण्यातलं शिकवणं, बचावाचं प्रात्यक्षिक, सगळं नव्या उमेदवारासारखंच. ती परीक्षा तुम्हाला शिकवणारा कोर्स डायरेक्टर घेत नाही, पॅडीचा परीक्षक घेतो. उलट पॅडीहून एसएसआयकडे जाताना छोटा क्रॉसओव्हर कोर्स असतो, पूर्ण प्रशिक्षण पुन्हा करावं लागत नाही.

तेवढ्यावरून एसएसआय सोपी म्हणून तिकडे वळू नका. एसएसआयचा इन्स्ट्रक्टर एखाद्या एसएसआय सेंटरशी जोडलेला असल्याशिवाय शिकवू शकत नाही. पॅडीचा स्वतंत्रपणेही विद्यार्थी घेऊ शकतो. कौशल्यांचा क्रम विद्यार्थी पाहून बदलण्याची मोकळीक एसएसआय जास्त देते, आणि घाबरलेल्या विद्यार्थ्यासमोर ती फार मोलाची ठरते.

तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमान, जिथे काम करायचं तिथलं सेंटर कोणत्या एजन्सीचं आहे ते आधी विचारा. ते ठरलेलं असेल तर डायव्हमास्टर असतानाच बदला. एकच परीक्षा, एकच खर्च. ठरलं नसेल तर पॅडीची आयई आधी देऊन एसएसआय नंतर जोडणं मला जास्त व्यवहाराचं वाटतं. आणि इन्स्ट्रक्टर म्हणून बदलणार असाल तर जुनं सदस्यत्व नवं हाती येईपर्यंत चालू ठेवा. नव्या एजन्सीला तुमचं नाव जुनीकडे अजून निष्कलंक आहे हे पाहायचं असतं.