मीटरवर आकडा एक, त्यात रोध दोन

छोट्या पुश-बटण स्विचचे कॉन्टॅक्ट एकमेकांना टेकवून मोजमाप घेतलं आणि ८० मिलिओम आले. (मराठीत ‘स्विच बंद’ म्हटलं की नेमका उलटा अर्थ होतो, म्हणून ‘टेकवून’.) या ८० ला सगळे सरसकट ‘कॉन्टॅक्टचा रोध’ म्हणतात. पण त्यात दोन वेगळे रोध मिसळलेले असतात. एक वाट अरुंद असल्यामुळे येतो, दुसरा वाटेत पापुद्रा आडवा आल्यामुळे. पहिल्याला आकुंचन-रोध म्हणू, दुसऱ्याला थर-रोध.

धातूचा गुळगुळीत भासणारा पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीतच असतो. दोन पृष्ठभाग टेकतात तेव्हा फक्त उंचवटे भिडतात आणि सगळा करंट त्या मोजक्या ठिपक्यांतून दाटीवाटीने जातो. रग्नार होल्म यांनी कॉन्टॅक्टच्या शास्त्रात रुजवलेला हिशोब सोपा आहे: एका गोल ठिपक्याचा आकुंचन-रोध म्हणजे धातूची रोधकता भागिले ठिपक्याचा व्यास. सोन्याच्या कॉन्टॅक्टवर २ मायक्रोमीटर व्यासाचा एकच ठिपका असेल, तर सुमारे ११ मिलिओम. पृष्ठभाग कितीही पुसला तरी हा जात नाही. तो कमी करायला दाब वाढवावा लागतो, आणि सिलिकॉनवर कोरलेल्या अतिसूक्ष्म स्विचमध्ये तर दाब मायक्रोन्यूटनमध्ये मोजण्याइतका क्षीण असतो.

थर-रोधाची जात वेगळी. चांदीवरचा काळा सल्फाइड, इतर धातूंवरचे ऑक्साइड, आसपासच्या प्लास्टिकमधून सुटलेल्या वाफेचा लेप, असे हे थर. ते ओमचा नियम नीट पाळत नाहीत. कमी व्होल्टेजला थर अडून बसतो. व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे गेलं की तो अचानक फुटतो आणि त्या भोकातून धातूला धातू भिडतो.

खरी पंचाईत इथेच आहे. साधा मल्टिमीटर ओमच्या रेंजवर असताना त्याच्या उघड्या टोकांवर बऱ्याचदा काही व्होल्ट असतात. म्हणजे थर मोजायला गेलेला मीटर आधी थरच फोडतो आणि मग सगळं आलबेल असल्याचं सांगतो! त्यात मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोधही ओमच्या दशांशात असतो, त्यापुढे ११ मिलिओम कुठे दिसणार?

तारांवरचा उपाय म्हणजे चार तारांची पद्धत: दोन तारांनी करंट द्यायचा, दुसऱ्या दोन तारांनी थेट कॉन्टॅक्टपाशी व्होल्टेज वाचायचं. थर वाचवण्यासाठी ‘ड्राय सर्किट’ मोजमाप करतात. त्यात व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या आणि करंट १०० मिलिअँपिअरच्या वर जाऊ देत नाहीत. सोन्याचा ठिपका साधारण ८० मिलिव्होल्टला तापून मऊ पडतो आणि पसरतो, त्याच्याही खूप खाली हा आकडा आहे. मात्र ही मर्यादा कॉन्टॅक्ट उघडे असतानाही पाळायला हवी. नुसता करंट-सोर्स (ठरलेला करंट रेटत राहणारं उपकरण) जोडून ठेवला, तर कॉन्टॅक्ट सुटताच त्याचं व्होल्टेज उसळतं आणि पुढच्या वेळी टेकताना थर फुटलेला असतो. ही चूक फार सहज होते.

एवढ्या कमी व्होल्टेजला सिग्नलही नाजूक होतो. १० मिलिओममधून १० मिलिअँपिअर म्हणजे फक्त १०० मायक्रोव्होल्ट. दोन वेगळे धातू जिथे जोडले जातात तिथे तापमानातल्या थोड्याशा फरकानेही काही मायक्रोव्होल्ट आपोआप तयार होतात. म्हणून करंट एकदा सुलट, एकदा उलट देऊन दोन वाचनांतल्या फरकाचं निम्मं घ्यायचं. उपरं व्होल्टेज वजाबाकीत जातं.

आता दोन रोध वेगळे कसे ओळखायचे? आधी २० मिलिव्होल्टच्या आत मोजा, मग कॉन्टॅक्ट न हलवता, करंट मर्यादित ठेवून, काही व्होल्ट द्या, नंतर पुन्हा २० च्या आत मोजा. रोध धाडकन उतरला, तर आधीच्या आकड्यात थर होता. जवळपास तोच राहिला, तर तो बहुतांशी आकुंचनाचा. दाब बदलता येत असेल तर आणखी एक खूण मिळते: दाब दुप्पट केल्यावर स्वच्छ धातूचा रोध साधारण ३० टक्क्यांनी घटतो, तर सारख्या जाडीच्या थराचा जवळजवळ निम्मा होतो.

दिवा लावणाऱ्या स्विचमध्ये मेन्सचं व्होल्टेज आणि ठिणगी मिळून थर आपोआप फोडतात, त्यामुळे तिथे पहिल्या वाचनातल्या थराला फारसं महत्त्व नाही. तोच चांदीचा कॉन्टॅक्ट सेन्सरच्या मिलिव्होल्टच्या सिग्नलवर लावला, तर पहिलं वाचनच खरं धरायचं, कारण तिथे थर फोडायला कोणी येणार नाही.