चपटं पाकीट

रात्री खोल डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवलेलं सूप सकाळी काढलं. वरून दगड. चमचा उलटा धरून ठोकला, तर बोटभर जाडीचं कवच फुटलं आणि आतलं पातळ सूप वर आलं. फ्रीजर ठणठणीत होता. चुकलं होतं ते डब्याच्या खोलीचं गणित.

पाणी गार करणं सोपं, गोठवणं महाकष्टाचं. एक किलो पाणी 80 अंश सेल्सिअसवरून 0 अंशावर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, जवळजवळ तेवढीच (सुमारे 334 किलोज्यूल) 0 अंशाच्या पाण्याचा 0 अंशाचाच बर्फ करायला काढावी लागते. शाळेत घोकलेला अप्रकट उष्मा तो हाच. फ्रीजर राबत राहतो आणि तापमापी जागची हलत नाही. शिवाय ही सगळी उष्णता अन्नाच्या जाडीतून वाट काढत बाहेर यायची असते. जाडी दुप्पट केली की काढायची उष्णताही दुप्पट आणि तिची वाटही दुप्पट लांब. म्हणून वेळ दुपटीहून जास्त लागतो. अन्न थंडगार धातूला चिकटून असेल तर हा हिशेब चौपटीकडे झुकतो.

मग लागू दे की वेळ, असं म्हणता येत नाही. उणे 1 ते उणे 5 अंशांच्या पट्ट्यात अन्नातल्या बहुतेक पाण्याचा बर्फ होतो. हा पट्टा भरकन ओलांडला तर बारीक बारीक असंख्य स्फटिक तयार होतात. रेंगाळत ओलांडला तर स्फटिक मोजकेच, पण मोठे. ते पेशींमधलं पाणी ओढून घेतात, भित्तिका फाडतात. कच्ची काकडी फ्रीजरमधून निघाल्यावर ओल्या फडक्यासारखी लोंबते ती यामुळेच. शिजवलेल्या अन्नाचं बरं असतं. त्याच्या पेशी शिजतानाच सैल पडलेल्या असतात, त्यामुळे बर्फाला मोडायला फारसं उरत नाही. शिजवलेल्या डाळी किंवा दाट रस्सा गोठवणं सुरक्षित पैज वाटते ती म्हणूनच.

वेगाचं हे महत्त्व क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकनाने 1912 नंतरच्या काही वर्षांत आजच्या कॅनडातल्या बर्फाळ लॅब्रॅडॉरमध्ये पाहिलं. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासे पकडत, ते बाहेर काढताच गोठत आणि कित्येक महिन्यांनी शिजवले तरी ताजे लागत. पुढे 1920च्या दशकात त्याने यंत्र बनवलं: चपट्या खोक्यांत भरलेलं अन्न दोन अतिथंड धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबायचं. घरी एवढा थाट नको. झिपच्या पिशवीत दोन सेंटिमीटर जाडीचा थर करावा आणि पिशवी धातूच्या ताटात आडवी ठेवावी. गोठली की पुस्तकांसारख्या उभ्या रचता येतात.

स्टार्चचं प्रकरण वेगळं. कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेला रस्सा गोठून वितळला की पाणी सोडतो, कारण शिजताना फुगलेले स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात आणि धरलेलं पाणी बाहेर ढकलतात. बटाट्याच्या फोडी रवाळ होतात. मी त्या आता घालतच नाही. भाताचे रेणूही असेच आखडतात, पण सर्वांत झपाट्याने ते फ्रीजमध्ये, शून्याच्या जरा वर. त्यामुळे भात फ्रीजमध्ये मुक्कामाला न ठेवता थेट फ्रीजरमध्ये गेलेला बरा. गरम करताना पाण्याचा एक हबका मारून झाकण ठेवलं की तो बराचसा सैलावतो.

भाताबाबत आणखी एक. ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात आणि कोमट भातात वाढू लागतात. उणे 18 अंशांना जिवाणू थांबतात, पण सगळेच मरत नाहीत. वितळल्यावर उरलेले पुन्हा कामाला लागतात. म्हणून शिजलेलं अन्न उथळ भांड्यात पसरून निववावं आणि दोन तासांच्या आत थंडीत घालावं. उकळतं पातेलं तसंच आत सरकवलं तर शेजारची पाकिटं वितळायला लागतात, हे वेगळंच.

पिशवीतली हवा दाबून काढायची ती जागेसाठी नव्हे. फ्रीजरच्या कोरड्या हवेत बर्फाची थेट वाफ होते, संप्लवन. मग अन्नावर पांढरट, चिवट डाग पडतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेल-चरबी थंडीतही हळूहळू खवट होत राहते. डब्यात मात्र वर थोडी जागा सोडावी लागते, कारण गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. निमुळत्या गळ्याची एक काचेची बाटली घालवून मी हे शिकले.

वितळायला गोठण्याहून जास्त वेळ का लागतो? बर्फातून उष्णता पाण्यापेक्षा जवळजवळ चौपट सहज वाहते. गोठताना बाहेर बर्फाचा थर असतो, तो उष्णता बाहेर जाऊ देतो. वितळताना बाहेर पाणी साचतं आणि ते आतल्या बर्फाची रजई बनतं. मायक्रोवेव्हमध्ये तर पाणी ऊर्जा शोषतं, बर्फ जवळजवळ नाही. म्हणून कडा उकळतात आणि मधे ढेकूळ तसंच. चपटं पाकीट इथेही कामी येतं. हातानेच तुकडे मोडून कढईत टाकावेत आणि मध्यभागी 75 अंश येईपर्यंत, म्हणजे चांगलं वाफाळेपर्यंत, गरम करावं.

नाव आणि तारीख पिशवी रिकामी असतानाच लिहावी. दव धरलेल्या प्लास्टिकवर पेन उठत नाही, आणि गोठल्यावर सगळेच रस्से सारखेच तपकिरी दिसतात.