मैदान कठीण, पण कोणासाठी?

गोल्फचे मैदान निवडताना पुष्कळ खेळाडू आधी त्याची एकूण लांबी पाहतात. पण ते आपल्याला झेपेल की नाही, हे स्कोअरकार्डावरचे स्लोप रेटिंग अधिक नेमकेपणाने सांगते. हँडिकॅप म्हणजे खेळाडूचे कौशल्य दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितका खेळ चांगला. शून्य हँडिकॅपच्या, म्हणजे ‘स्क्रॅच’ खेळाडूला तिथे साधारण किती फटके लागतील, याचा अंदाज कोर्स रेटिंगमध्ये असतो. बेताच्या कौशल्याच्या ‘बोगी’ खेळाडूची त्याच्या तुलनेत किती जास्त दमछाक होईल, हे स्लोपवरून कळते. हा आकडा 55 ते 155 यांच्या दरम्यान असतो आणि 113 हा प्रमाण मानला जातो.

समजा, पार (मैदानासाठी ठरवलेली अपेक्षित फटक्यांची संख्या) आणि कोर्स रेटिंग दोन्ही 72 असलेली दोन मैदाने आहेत. एकाचा स्लोप 113, दुसऱ्याचा 140. खेळाडूच्या हँडिकॅप निर्देशांकाला स्लोपने गुणून 113 ने भागले, की अशा मैदानापुरता त्याचा हँडिकॅप मिळतो. निर्देशांक 5 असेल, तर दुसऱ्या मैदानावर तो 6 होतो. 20 असेल, तर थेट 25. एकच मैदान एकाला जेमतेम एका फटक्याने जड जाते आणि दुसऱ्याला पाच फटक्यांनी.

यामागे साधी भूमिती आहे. पाच अंशांनी भरकटलेला चेंडू 200 यार्डांवर मध्यरेषेपासून सुमारे 17 यार्ड बाजूला पडतो, म्हणजे 30 यार्ड रुंदीच्या फेअरवेबाहेर (मधल्या मोकळ्या पट्ट्याबाहेर). तिथे आखूड गवत असेल तर फारसे बिघडत नाही. दाट झाडी किंवा पाणी असेल, तर त्याच चुकीची किंमत एक-दोन फटक्यांनी वाढते. स्क्रॅच खेळाडूही चुकतो, पण दोन अंशांची चूक 250 यार्डांवर नेऊनही त्याचा चेंडू जेमतेम 9 यार्ड सरकतो.

मैदान बदलण्याआधी टी, म्हणजे पहिला फटका मारण्याची जागा, बदलून पाहावी, असे मला वाटते, कारण प्रत्येक टीचे रेटिंग वेगळे असते. 420 यार्डांच्या होलवर 200 यार्डांचा ड्राइव्ह (पहिला लांब फटका) मारणाऱ्याला 220 यार्ड उरतात आणि दुसऱ्या फटक्यात ग्रीन (खळग्याभोवतीची हिरवळ) गाठणे त्याच्या आवाक्याबाहेर जाते. 350 यार्डांच्या टीवरून मात्र 150 उरतात आणि खेळ पुन्हा खेळासारखा होतो. अमेरिकेत 2011 मध्ये सुरू झालेल्या ‘टी इट फॉरवर्ड’ मोहिमेचा आग्रह हाच होता. पाच नंबरच्या आयर्नने (मध्यम अंतराच्या काठीने) चेंडू जितका लांब जातो, त्याच्या 36 पट लांबीचे मैदान निवडावे, असाही एक ढोबळ आडाखा आहे: 150 यार्ड मारणाऱ्याने 5,400 यार्डांच्या आसपासच्या टी निवडाव्यात. अडचण बहुधा गणिताची नसते. मागच्या टीवर उभ्या असलेल्या मित्रांना सोडून पुढे चालत जाण्याची असते.