हुमल्यांचं निरीक्षण

मुंग्या आणि त्यांच्या आसपासचे बारीक जीव जिथे राहतात तिथेच, न पकडता न डिवचता बघत बसायचं, याला मुंगी-निरीक्षण म्हणतात. कोकण-गोव्यात सुरुवात करायची तर आंब्या-काजूवरच्या लाल हुमल्यांपासून, म्हणजे पानं शिवून घरटं करणाऱ्या मुंग्यांपासून करावी, कुठे यांना ओंबील पण म्हणतात, शास्त्रीय नाव ईकोफिला स्मॅरॅग्डिना. घरटं हिरव्या जिवंत पानांचं असतं. तपकिरी वाळलेलं दिसलं तर बहुतेक सोडून दिलेलं, तिथे वेळ घालवू नका.

खरी मजा शिवणकामात! नवी पालवी आली की झाडावर नवीन घरटी बांधायला घेतात, तेव्हा जावं. एक पान दूर असलं की हुमले एकमेकांच्या कमरेला धरून साखळी करतात आणि पानाच्या कडा ओढून जवळ आणतात, मग दुसरे कामकरी घरट्यातली मोठी झालेली अळी, म्हणजे मुंगीचं पिल्लूच, जबड्यात धरून आणतात आणि ती या कडेवरून त्या कडेवर फिरवतात, अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने शिवण पडते. हे रेशीम खरं तर अळीच्या स्वतःच्या कोशासाठीचं, ते इथेच खर्च होतं, म्हणून पुढच्या अवस्थेत यांच्याभोवती रेशमी कोश नसतोच. प्रौढ मुंगीला रेशीम येतच नाही. एका वसाहतीची घरटी बऱ्याच झाडांवर पसरलेली असतात, राणी मात्र सहसा एकच.

रांगेच्या कडेला एखादी मुंगी एकटीच थबकत चालताना दिसली तर पाय मोजा. आठ भरले तर तो हुमल्याची नक्कल करणारा उडी मारणारा कोळी, पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून फिरतो आणि खऱ्या हुमल्यांपासून चार हात लांबच राहतो. नराचे जबडे तर एवढे लांब की मुंगी दुसरी मुंगी उचलून नेतेय असं वाटतं.

पानामागे पिठ्या ढेकूण, खवले कीड पण बघा, त्यांच्या गोड स्रावासाठी हुमले त्यांची राखण करतात. बागायतदाराला हे नको असतं, पण हेच हुमले काजूवरच्या ढेकण्यासारख्या (झाडाचा रस शोषणारा किडा) किडींना हुसकावतात, त्यामुळे सरसकट औषध मारणं मला तरी पटत नाही. चीनमध्ये संत्र्या-मोसंबीच्या बागांत हे हुमले मुद्दाम आणून सोडायची पद्धत शेकडो वर्षं जुनी आहे.

सामान म्हणाल तर साधं भिंग पुरे. खोडाला टेकू नका, घरट्याखाली उभं राहू नका, चावून वर फॉर्मिक आम्ल सोडतात आणि ते चांगलंच झोंबतं.